राउटरच्या जोडणीच्या पावतीवर चार ओळी वाढवा

संपादक महोदय,
सप्रेम नमस्कार.

सायबर फसवणुकीच्या बातम्या हल्ली रोजच्याच झाल्या आहेत आणि प्रत्येक बातमीखाली पोलिसांचं आवाहन ठरलेलं असतं: ओटीपी सांगू नका, अनोळखी लिंक उघडू नका. आवाहन योग्यच आहे. पण ज्या वायफायच्या डब्यातून, म्हणजे राउटरमधून, हे सगळं घरात येतं, तो भिंतीवर कुणी आणि कसा लावून दिला, याबद्दल कुणी अवाक्षर काढत नाही. इंटरनेटची जोडणी देणारी कंपनी देशभर पसरलेली असो की गल्लीतल्या केबलवाल्याची, तिने डबा बसवतानाच ग्राहकासमोर त्याचं घड्याळ भारतीय वेळेला लावावं, बाहेरून डब्यात शिरण्याची सोय बंद करावी, पासवर्ड बदलून ग्राहकाच्या हाती द्यावा आणि हे केल्याचं पावतीवर लिहून द्यावं, एवढ्या मागणीसाठी हे पत्र.

मी टेलिफोनच्या नोकरीतून निवृत्त झालो, साताऱ्यात राहतो. खांब, त्यावरचे तारा जोडायचे डीपी बॉक्स आणि एक्स्चेंज यांतच आयुष्य गेल्यामुळे आळीत कुणाचं नेट बंद पडलं की आधी मला हाक येते, कंपनीला फोन नंतर जातो. यात मिळत काही नाही, चहा मात्र भरपूर होतो.

आमच्याच आळीतल्या एका निवृत्त मुख्याध्यापिकाबाईंच्या घरचं उदाहरण सांगतो. नातू बारावीत. रात्री जागून मोबाइल बघतो म्हणून सूनबाईंनी जोडणी घेतानाच फायबरवाल्या पोराला सांगितलं होतं, की रात्री ११ ते सकाळी ६ नेट आपोआप बंद राहू दे. तशी सोय बहुतेक राउटरमध्ये असते. त्याने ती लावून दिली आणि त्या दिवसापासून यांचं नेट रोज संध्याकाळी साडेआठला बंद पडायला लागलं. नेमका त्याच वेळी नातवाचा ऑनलाइन क्लास. तक्रार केली तर कंपनीचा माणूस आला, बाहेरची वायर बदलली. पुन्हा तेच. मग अडॅप्टर खराब आहे म्हणून नवा दिला, त्याचे साडेतीनशे रुपये घेतले. तरीही साडेआठ वाजले की नेट गुल. शेवटी निदान असं झालं, की मुलगा गेम खेळून डेटा संपवतो. घरात पोराला बोलणी बसली ती वेगळीच.

मी गेलो तेव्हा पावणेनऊ झाले होते आणि नेट बंदच होतं. पण डब्यावरचे दिवे सगळे हिरवे. फायबर तुटली असती तर ‘एलओएस’चा, म्हणजे सिग्नल गेल्याचा, दिवा लाल झाला असता. म्हणजे लाइन ठणठणीत. रोज ठरल्या मिनिटाला पडणारा बिघाड वायरीत नसतो, हे लाइनवर काम केलेल्या कुणालाही कळेल. मी लॅपटॉप वायरीने डब्याला जोडला, ब्राउझरमध्ये १९२.१६८.१.१ हा पत्ता टाकला, डब्याच्या बुडाच्या स्टिकरवर छापलेलं नाव आणि पासवर्ड दिला (दोन्हीकडे ‘अ‍ॅडमिन’ हाच शब्द), आणि स्टेटसचं पान उघडलं. भिंतीवरचं घड्याळ पावणेनऊ दाखवत होतं, डब्याच्या मते सव्वाअकरा वाजून गेले होते.

डबा चिनी बनावटीचा होता आणि कारखान्यातून निघताना त्याला बीजिंगची वेळ लावलेली होती. बीजिंग ग्रिनिचच्या ८ तास पुढे, आपण साडेपाच. फरक अडीच तासांचा. डब्याचे रात्रीचे अकरा म्हणजे आपले साडेआठ. डब्याने बिचाऱ्याने दिलेला हुकूम तंतोतंत पाळला होता. आणि सकाळी ६ म्हणजे आपले पहाटेचे साडेतीन. तेव्हा नेट परत सुरू होतं, हा शोध नातवाने केव्हाच लावलेला होता. तो त्याने घरात कुणाला सांगितला नव्हता, हे सांगायला नकोच.

अशा डब्यात मनगटी घड्याळातल्यासारखा सेल सहसा नसतो. महावितरणने वीज घालवली की वेळही गेली. वीज आली की बरेचसे डबे १ जानेवारी १९७० या तारखेपासून मोजायला लागतात, कारण संगणकाच्या जगात काळाची मोजणी तिथून धरायची पद्धत पडली आहे. मग डबा इंटरनेटवरच्या एखाद्या वेळ सांगणाऱ्या सर्व्हरला विचारतो आणि खरी वेळ लावून घेतो. या विचारण्याच्या पद्धतीला एनटीपी म्हणतात. अमेरिकेत डेलावेअर विद्यापीठाच्या डेव्हिड मिल्स यांनी ती घडवली, १९८५ मध्ये तिचा पहिला मसुदा प्रसिद्ध झाला. जुन्या वाचकांना आठवत असेल, १७४ फिरवला की पलीकडून वेळ सांगितली जायची. हा त्यातलाच प्रकार, फक्त विचारणारं यंत्र आणि सांगणारंही यंत्र. मात्र सर्व्हर जी वेळ सांगतो ती जागतिक. तीत किती तास मिळवायचे, हे डब्याला माणसानेच सांगावं लागतं. तिथे साडेपाच निवडलं नाही तर सर्व्हर कितीही अचूक असला तरी तुमच्या घरातलं घड्याळ चुकलेलंच.

निवडताना गोंधळ होतो. यादीत अधिक ५ पाशी कराची, इस्लामाबाद दिसतं, अधिक पावणेसहापाशी काठमांडू. आपली ओळ अधिक ५.३० ची, तिच्यापुढे चेन्नई, कोलकाता, मुंबई, नवी दिल्ली अशी नावं असतात. काही डब्यांत अजून कलकत्ताच आहे. ही अर्ध्या तासाची भानगड मिर्झापूरजवळून जाणाऱ्या साडेब्याऐंशी अंश पूर्व रेखांशामुळे. १९०६ पासून देशाची प्रमाणवेळ त्यावर आहे, तरी आपल्या मुंबईने स्वतःची ३९ मिनिटं मागची वेळ १९५५ पर्यंत सोडली नव्हती. यादीच्या खालीच ‘डेलाइट सेव्हिंग’ असा एक चौकोन असतो. तो रिकामा ठेवायचा. आपल्याकडे घड्याळं तासभर पुढे केली होती ती दुसऱ्या महायुद्धाच्या काळात, आता ती पद्धत नाही. सर्व्हरच्या जागी कारखान्याने दिलेलं नाव असतं. ते चालत असेल तर राहू द्या. नसेल चालत तर एनआयसीचे (केंद्र सरकारच्या राष्ट्रीय सूचना विज्ञान केंद्राचे) ‘समय १’ आणि ‘समय २’ हे सर्व्हर आहेत, दिल्लीच्या राष्ट्रीय भौतिक प्रयोगशाळेचाही आहे. देशाची प्रमाणवेळ हीच प्रयोगशाळा सांभाळते.

कारखान्याने भरलेल्या नावावर डोळे मिटून विसंबण्यात काय होतं, याचा एक मासला. २००३ मध्ये अमेरिकेतल्या विस्कॉन्सिन विद्यापीठाच्या वेळेच्या सर्व्हरवर अचानक प्रश्नांचा पूर आला, सेकंदाला लाखभराहून अधिक. हल्ला झाला असं वाटलं. तपासाअंती निघालं, की नेटगिअर कंपनीने आपल्या काही घरगुती राउटरमध्ये या विद्यापीठाच्या सर्व्हरचा पत्ता कायमचा कोरून टाकला होता, आणि उत्तर आलं नाही तर डबा दर सेकंदाला पुन्हा विचारत होता. ज्यांच्या घरी ते डबे होते त्यांना याचा पत्ताही नव्हता.

आता कुणी म्हणेल, नेट अडीच तास आधी गेलं, त्यात एवढं काय? टेलिफोनवाल्याला असं म्हणता येत नाही. एसटीडीचे दर वेळेवर ठरायचे. रात्री उशिरा पाव दर लागायचा आणि लोक बूथबाहेर त्यासाठी ताटकळत बसायचे. एक्स्चेंजचं घड्याळ पुढेमागे झालं तर कुणाच्या तरी बिलात ते दिसणार. आजही तेच आहे. राउटर आपल्यापाशी एक नोंदवही ठेवतो: कोण आत शिरू पाहत होतं, कुणी पासवर्ड चुकवला, कुठली सेटिंग केव्हा बदलली. उद्या काही विपरीत घडलं आणि सायबर पोलिसांनी विचारलं, की अमुक दिवशी रात्री दहाला तुमच्या नेटवरून कोण होतं, तर ज्या वहीत सगळ्या नोंदी १९७० सालच्या आहेत ती दाखवून काय उपयोग? हल्ली एकच बाहेरचा इंटरनेट पत्ता एका वेळी अनेक ग्राहकांमध्ये वाटलेला असतो. तिथे नेमकी वेळ नसेल तर माग भलत्याच घरी जाऊन पोहोचू शकतो. केंद्राच्या ‘सर्ट-इन’ या सायबर सुरक्षा संस्थेने २८ एप्रिल २०२२ च्या आदेशात सेवा पुरवठादार, डेटा सेंटर, कंपन्या आणि सरकारी कार्यालयं यांना घड्याळं एनआयसी किंवा राष्ट्रीय भौतिक प्रयोगशाळेशी जुळवून घ्यायला आणि नोंदी १८० दिवस जपायला सांगितलं आहे. म्हणजे कंपनीने आपली घड्याळं जुळवायची, आणि तिनेच आमच्या भिंतीवर ठोकलेला डबा मात्र बीजिंगच्या वेळेवर चालला तरी चालेल.

बाईंच्या डब्यात घड्याळ लावून झाल्यावर मी शेजारचं पान उघडलं आणि खरी काळजी तिथे वाटली. ‘रिमोट मॅनेजमेंट’ सुरू. पोर्ट, म्हणजे आत शिरायचं दार, ८०८० क्रमांकाचं. कुठून शिरता येईल? कुठूनही. आणि पासवर्ड तोच, स्टिकरवरचा.

रिमोट मॅनेजमेंट म्हणजे घरात न येता, बाहेरच्या इंटरनेटवरून डब्याचं सेटिंगचं पान उघडण्याची सोय. आमच्या वेळी खांबावरच्या डीपी बॉक्सचं झाकण उघडं राहिलं, की कुणीतरी हँडसेट घेऊन वर चढायचा, दोन चिमटे लावायचा आणि दुबईला बोलायचा; बिल यायचं ते एखाद्या पेन्शनराला. त्यासाठी निदान खांबावर चढावं तरी लागत होतं. इथे माणूसही लागत नाही, प्रोग्रॅम रात्रंदिवस एकेका पत्त्यावर जाऊन ‘अ‍ॅडमिन-अ‍ॅडमिन’ चालतं का ते बघत फिरतात. २०१६ मध्ये ‘मिराई’ नावाच्या अशाच प्रोग्रॅमने कारखान्याच्या पासवर्डांची साठेक जोड्यांची यादी घेऊन जगभरचे कॅमेरे आणि राउटर ताब्यात घेतले, आणि त्या फौजेच्या जोरावर २१ ऑक्टोबरला वेबसाइटचे पत्ते शोधून देणाऱ्या डिन या कंपनीवर हल्ला झाला तेव्हा अमेरिकेत मोठमोठ्या वेबसाइट तासन् तास उघडेनात. आपल्याकडे जुलै २०१७ मध्ये बीएसएनएलच्या ग्राहकांचे हजारो मॉडेम अशाच एका घुसखोर प्रोग्रॅममुळे बंद पडले, आणि मूळचा पासवर्ड बदला असं ग्राहकांना सांगायची वेळ आली.

बंद पडलेला डबा परवडला, निदान कळतं तरी. ब्राझीलमध्ये २०११-१२ च्या सुमाराला सुमारे ४५ लाख मॉडेमचं डीएनएस कुणीतरी परस्पर बदललं होतं. डीएनएस म्हणजे वेबसाइटचं नाव सांगितलं की तिचा पत्ता काढून देणारी व्यवस्था. ती बदलली की तुम्ही बँकेचं नाव अगदी बरोबर टाइप करता आणि जाऊन पोहोचता चोराने मांडलेल्या हुबेहूब पानावर. ना ओटीपी सांगितला, ना लिंक उघडली.

कंपनीच्या पोराला मी हे दाखवलं. तो म्हणाला, “काका, ते कंपनीचं सेटिंग असतं, हात लावू नका. उद्या प्रॉब्लेम आला तर आम्हाला आत कसं जाता येणार?” पोरगा भला आहे, उन्हातान्हात दिवसभर शिडी घेऊन फिरतो, त्याच्यावर माझा राग नाही. त्याला जेवढं शिकवलं तेवढं तो बोलला. पण हे उत्तर खरं नाही. डबे दुरून सांभाळायला कंपन्यांपाशी २००४ पासून टीआर-०६९ नावाची वेगळी पद्धत आहे. तीत डबा आपणहून कंपनीच्या सर्व्हरशी बोलतो आणि सूचना घेतो. त्यासाठी सेटिंगचं पान साऱ्या जगाला उघडं ठेवायची काही गरज नाही. बरं, या पद्धतीचं दारही नीट राखावं लागतं. नोव्हेंबर २०१६ मध्ये जर्मनीत डॉइच टेलिकॉमच्या सुमारे ९ लाख ग्राहकांचे राउटर कोलमडले, ते नेमक्या याच कामाचं ७५४७ क्रमांकाचं पोर्ट बाहेरच्या कुणालाही ठोठावता येत होतं म्हणून. तेव्हा कंपनीने आपली वाट जरूर ठेवावी, पण तिच्यावरून फक्त कंपनीच यावी.

जाणकार म्हणतील, आता बहुतेकांना आतलाच खाजगी पत्ता मिळतो, बाहेरचा माणूस पोहोचतच नाही. बरंच खरं आहे. पण त्याच केबलवाल्याच्या जाळ्यातला दुसरा ग्राहक पोहोचू शकतो, आणि आयपीव्ही६ (इंटरनेट पत्त्यांची नवी पद्धत) सुरू असेल तर त्याची आडभिंत, म्हणजे फायरवॉल, वेगळी तपासावी लागते. शिवाय ज्यांनी कॅमेऱ्यासाठी स्थिर पत्ता मागून घेतलाय, ते दुकानदार आणि सोसायट्या तर थेट उघड्यावर आहेत.

ज्यांना घरी करून बघायचं आहे त्यांच्यासाठी थोडं. डब्याचं पान घरातूनच उघडा, १९२.१६८.१.१ नाही चालला तर १९२.१६८.०.१. काहीही बदलण्याआधी प्रत्येक पानाचा मोबाइलवर फोटो काढून ठेवा. वेळेची सेटिंग ‘सिस्टीम’ किंवा ‘टूल्स’खाली असते, रिमोटची बहुधा ‘सिक्युरिटी’खाली. काही जुन्या डब्यांत बंद-चालूचं बटणच नसतं, नुसती पत्त्याची चौकट असते: तिथे चार शून्यं असली तर बंद, चार वेळा २५५ असलं तर सगळ्यांना मोकळं. दुसऱ्या एखाद्या डब्यात शून्यांचा अर्थ उलटाही असू शकतो, म्हणून शेजारची इंग्रजी ओळ वाचल्याशिवाय आकडा टाकू नका. पासवर्ड बदलायचा तो दोन ठिकाणी, वायफायचा वेगळा आणि या पानाचा वेगळा. पुष्कळ लोक पहिला बदलतात आणि दुसरा तसाच राहतो. झाल्यावर मोबाइलचं वायफाय बंद करून, सिमच्या डेटावरून आपल्या घरचा बाहेरचा पत्ता आणि पोर्ट टाकून बघा. पान उघडलं नाही पाहिजे. आणि कृपा करून मागच्या बारीक भोकात पिन खुपसू नका. त्याने कंपनीने भरलेलं युजरनेमही पुसलं जातं, आणि मग नेट सुरू करायला त्या शिडीवाल्या पोराचीच वाट बघत बसावं लागतं.

मुलगा पुण्यात किंवा परदेशात, आईवडील गावी, आणि घरचा डबा तोच लांबून सांभाळतो, अशी घरं आता आपल्याकडे पुष्कळ आहेत. त्यांना माझं सांगणं, की सेटिंगचं पान उघडं टाकण्यापेक्षा व्हीपीएन, म्हणजे इंटरनेटवरून घरापर्यंतची कुलूपबंद खाजगी वाट, लावून घ्या, किंवा कंपनीचं अ‍ॅप दोन टप्प्यांच्या पडताळणीसह वापरा. व्हीपीएनला पुन्हा घड्याळ बरोबर लागतं, कारण पलीकडच्याची ओळख पटवणाऱ्या डिजिटल प्रमाणपत्राची मुदत तारखेवर तपासली जाते. १९७० सालात बसलेल्या डब्याला आजचं प्रमाणपत्र अजून लागूच झालेलं नसतं.

पण सत्तरीच्या बाईंनी हे सगळं का शिकावं? ब्रिटनने २९ एप्रिल २०२४ पासून सगळ्या नगांना एकच सोपा पासवर्ड लावून अशी उपकरणं विकायला कायद्याने मनाई केली आहे, कॅलिफोर्नियात तसा कायदा १ जानेवारी २०२० पासून आहे. आपल्या दूरसंचार अभियांत्रिकी केंद्रानेही २०२१ मध्ये ग्राहकांच्या उपकरणांसाठी आचारसंहिता काढली, तिचं पहिलंच कलम सरसकट पासवर्ड नको असं सांगतं. पण मार्गदर्शक कागद आणि भिंतीवरचा डबा यांच्यामध्ये तो शिडीवाला पोरगा उभा आहे, आणि त्याच्या हातातल्या पावतीवर आज एवढंच असतं: डबा दिला, नेट चालू, सही.

त्या पावतीवर चार ओळी वाढवा. सेटिंगच्या पानाचा पासवर्ड बदलून ग्राहकाला दिला. रिमोट मॅनेजमेंट बंद. चालू ठेवलं असल्यास का, आणि कुठल्या पत्त्यावरून. वेळ भारतीय प्रमाणवेळेला, सर्व्हर अमुक. डब्याचं सॉफ्टवेअर कुठल्या तारखेचं. शिडीवाल्या पोराला पाच-दहा मिनिटं जास्त लागतील. ती त्याच्या रोजंदारीत धरायची की नाही, हे कंपनीने बघावं, त्याच्या अंगावर टाकू नये.

आपल्या सातारा आवृत्तीच्या वार्ताहरांनी जिल्ह्यात जोडण्या देणाऱ्या प्रत्येक कंपनीला एवढं विचारावं, की ग्राहकाने सेटिंगच्या पानाचा पासवर्ड मागितला तर तुम्ही तो देता का, आणि त्यांची उत्तरं कंपनीच्या नावासह छापावीत. मुख्याध्यापिकाबाईंना अजून तो मिळालेला नाही. स्टिकरवरच्या पासवर्डने वेळ बदलता आली, वायफायचं नाव बदलता आलं. रिमोटचं बटण मात्र दिसतं पण दाबलं जात नाही, त्याला वरचा पासवर्ड लागतो आणि तो कंपनीपाशी आहे. लेखी अर्ज दिला आहे, पोच घेतली आहे.

आपला,
एक निवृत्त टेलिफोन कर्मचारी, सातारा
(नाव व पत्ता कार्यालयात दिला आहे, प्रसिद्ध करू नये ही विनंती.)